परतीच्या मालानं आलेली फियाट

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा उलटल्यामुळं रस्त्यावरून उतरली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी तिला हळहळत निरोप दिला. आमच्या घरीही तो फोटो चहाच्या टेबलावर बराच वेळ फिरला. त्याच आठवड्यात जमशेदपूरहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. भावजी जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तिनं आता कायमचं पुण्याला आमच्याकडं यावं, असा लकडा आम्ही लावला होता. दर वेळी ती ‘बघू’ म्हणायची. त्या दिवशी मात्र म्हणाली, “येते. पण आधी गाडी जाईल, मग मी.”

“गाडी म्हणजे, फियाट?”

“मग काय आगगाडी?”

ही फियाट म्हणजे १९६३ सालची ‘सुपर सिलेक्ट’. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, आणि पुढची दारं उलटी उघडणारी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या अंगाला. नऊवारीतल्या बायकांना उतरायला सोयीचं म्हणून तसं केलंय, असं भावजी आम्हा मुलांना गंभीर चेहऱ्यानं सांगायचे आणि आम्हाला ते कितीतरी वर्षं खरं वाटत होतं. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघण्याचा तो काळ. भावजी पोलाद कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी १९७४ साली निवृत्त होऊन कलकत्त्याला निघालेल्या एका साहेबाकडून ही जुनी घेतली. त्यानंतर त्यांनी दुसरी गाडी घेतली नाही.

घरात अर्थातच मतं पडली. न्यू जर्सीतली भाची म्हणाली, “मामा, तू तिला समजाव. विकून टाका म्हणावं.” साकचीतल्या भंगारवाल्यानं अठरा हजार सांगितले होते. माझा मुलगा हिशेबी. तो म्हणाला, तेवढ्या खर्चात पुण्यात अशीच एखादी फियाट मिळेल, आत्याला तीच देऊ. सौ. नं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. माझंही मत त्या वेळी विरुद्धच होतं, हे कबूल करतो. चौतीस वर्षं मी बँकेत दुसऱ्यांचे खर्च मंजूर-नामंजूर केले. वस्तूच्या किमतीपेक्षा वाहतूक महाग पडत असेल, तर त्या कागदावर काय शेरा मारायचा, हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

पण नोव्हेंबरात अक्काकडं गेलो आणि एक गोष्ट कळली, जी इतक्या वर्षांत आम्हा भावंडांपैकी कोणाला माहीत नव्हती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बिघडल्यापासून भावजींना डाव्या डोळ्यानं नीट दिसत नव्हतं. शेवटची पंधरा वर्षं ही गाडी अक्काच चालवत होती. भावजी शेजारी बसून ‘सावकाश’ म्हणायचे, एवढंच. बिष्टुपूरचा बाजार, डॉक्टर, गणपतीत मराठी मंडळींच्या घरी जाणं, हिवाळ्यात डिमना तलाव, सगळं तिच्या हातानं. फोनवर आम्ही भावजींना विचारायचो, “काय, गाडी कशी आहे?” आणि ते म्हणायचे, “ठणठणीत.” तिनं कधी मध्येच सांगितलं नाही, त्यांनीही नाही.

मग मी शेऱ्याचा विचार सोडला आणि वाहतुकीच्या मागं लागलो.

सगळ्यांत स्वस्त मार्ग चालवत आणण्याचा, असं आपल्याला वाटतं. जमशेदपूर ते पुणे सोळा-सतराशे किलोमीटर. अक्काचा मेकॅनिक म्हणजे फियाटवरच आयुष्य काढलेला म्हातारा. त्यानं बॉनेट उघडून, रेडिएटरवर हात ठेवून निकाल दिला, “डिमनापर्यंत जाईल. रायपूरपर्यंतही जाईल. पण रायपूरला तुम्हाला माझ्यासारखा माणूस लागेल, आणि तो आता तिथं नसेल.” खरं होतं ते. जुन्या गाडीचा प्रवास पेट्रोलवर नव्हे, वाटेतल्या मेकॅनिकांवर चालतो. पाण्याच्या पंपाची एक सील गेली, तर दोन दिवस लॉजवर मुक्काम, आणि शिवाय पुण्याहून सुटा भाग मागवायचा. चालवत आणणं शेवटी सगळ्यांत महाग पडतं.

रेल्वेचा विचार आला. मोटारसायकल पार्सल कचेरीत पेट्रोल काढून, तरटात बांधून देता येते, ते आपण सगळ्यांनी केलेलं आहे. मोटारीही रेल्वेनं जातात. प्रवासी सेवेतून काढलेल्या डब्यांच्या खिडक्या बंद करून, टोकाला दारं बसवून त्यांतून नव्या मोटारी नेतात. स्टेशनात आंधळ्या डब्यांची ती गाडी तुम्ही पाहिली असेल. पण ती कारखान्यांच्या घाऊक मालासाठी. एका अक्काच्या एका फियाटसाठी कोणी गाडी लावत नाही.

राहिला रस्ता. त्यातही दोन तऱ्हा. एक, सपाट पाठीचा ट्रक फक्त आपल्या गाडीसाठी करायचा. त्याचा भाव आला एक लाख दहा हजार, कारण ट्रकवाला परतीचं भाडंही आपल्याकडूनच घेतो. दुसरी, नव्या गाड्या नेणारा लांबलचक बंद ट्रेलर, ज्यात सात-आठ गाड्या दोन मजल्यांवर बसतात. तिथं एका गाडीची जागा तेवढी आपण घ्यायची. पुण्या-मुंबईतल्या मूव्हर्सवाल्यांनी याचे भाव चौतीस ते बासष्ट हजार सांगितले. मधल्या अठ्ठावीस हजारांचा फरक कशाचा, असं एकाला विचारलं, तर तो म्हणाला, “सर, सर्व्हिस.”

हा धंदा फोनवर चालतो आणि फोनवरच फसवतो. आमच्या बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. मुलाची गाडी बंगळुरूहून आणायची होती. नाव एका मोठ्या कंपनीशी मिळतंजुळतं, भाव सगळ्यांत कमी, पाच हजार आगाऊ. गाडी निघाली, आणि चौथ्या दिवशी निरोप आला की टोल, विमा आणि ‘चेकपोस्ट’चे अठरा हजार आणखी भरा, नाहीतर गाडी उतरणार नाही. वास्तविक २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हाच राज्यांच्या विक्रीकराचे नाके उठले आणि मुंबईचा जकातनाकाही गेला. पण गाडी त्यांच्या ताब्यात, तक्रार करणार कोणाकडं? ते पैसे भरून मोकळे झाले. फोनवरचा माणूस बहुधा वाहतूकदार नसतोच, दलाल असतो. गाडी ज्याच्या ट्रेलरवर चढते, त्याचं नावही आपल्याला माहीत नसतं.

मला या बाबतीत बँकेचा उपयोग झाला. माझी पहिली काही वर्षं बिलांच्या टेबलावर गेली. व्यापारी माल ट्रकवर चढवायचा, त्याची बिल्टी आणायचा आणि त्या बिल्टीवर आम्ही पैसे द्यायचो. बिल्टी म्हणजे मालाची पावती. ती ज्याच्या हातात, माल त्याचा. म्हणून ती कोण देतो याला महत्त्व. इंडियन बँक्स असोसिएशनची मान्यताप्राप्त वाहतूकदारांची एक यादी असते, त्यातल्या नावाची नसली तर व्यापारी कितीही ओळखीचा असो, आम्ही कागद परत करायचो. ही यादी मोटार पाठवणाऱ्या माणसाला कोणी दाखवत नाही, दाखवायला हवी. शिवाय २००७ चा रस्ते वाहतुकीचा कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला, त्याखाली अशा वाहतूकदाराची सरकारी नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारला की निम्मे दलाल फोन ठेवतात. मी सहा जणांना विचारला. चौघांनी ठेवला.

आणि मग परतीच्या मालाची युक्ती. तीही काही माझी नव्हे, घाटावरच्या कोणत्याही कांद्याच्या व्यापाऱ्याला ती ठाऊक असते. ट्रक मुंबईला भरून जातो आणि रिकामा परत येतो, तेव्हा येताना काहीही घेऊन यायला तयार असतो, कारण डिझेल आणि ड्रायव्हर दोन्हीचा खर्च जातानाच्या भाड्यात बसवलेला असतो. आता मोटारी बनतात कुठं? पुण्याच्या आसपास, चाकणला, पिंपरीला, रांजणगावला. त्या ट्रेलरवर चढून देशभर जातात, जमशेदपुरलाही. म्हणजे जमशेदपूरहून पुण्याकडं येणारा ट्रेलर बहुतेक रिकामा! पुण्याची फियाट जमशेदपुरला न्यायची असती, तर नव्या गाड्यांशी जागेसाठी भांडावं लागलं असतं. उलट्या दिशेला आपण गिऱ्हाईक नसतो, फुकटात मिळालेलं भाडं असतो. भाव ठरवते ती दिशा, आणि दुसरी गोष्ट, थांबायची तयारी. ‘मला सोमवारी पाहिजे’ म्हणणाऱ्याला परतीचा माल होता येत नाही.

म्हणून मूव्हर्सवाल्यांना सोडून मी जमशेदपुरातच, जिथं नव्या मोटारी उतरतात त्या शोरूमच्या गोदामावर गेलो. भावजींच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा तिथं कामाला आहे. त्यानं कोणत्या वाहतूकदाराचे ट्रेलर येतात, त्यांचा स्थानिक माणूस कोण, सगळं सांगितलं. पहिला ट्रेलर आला तेव्हा त्याच्या ड्रायव्हरनं मला बाजूला घेऊन चौदा हजारांत काम करून देतो म्हणून सांगितलं. कागद नाही, बिल्टी नाही, मालकाला कळणार नाही. खोटं कशाला बोलू, मोह झाला. चौदा हजार म्हणजे भाचीचंही तोंड बंद. माणूस वाईट नव्हता. घरी मुलीचं लग्न होतं त्याच्या. पण वाटेत काही झालं, तर ती गाडी त्या ट्रेलरवर कधी चढलीच नव्हती, असं ठरणार होतं. मी नको म्हटलं आणि रिकामा ट्रेलर माझ्यासमोर निघून गेला. अक्का काही बोलली नाही, फक्त फाटकाचं कुलूप लावता लावता म्हणाली, “दुसरा येईल.”

दुसरा यायला सात आठवडे लागले.

दरम्यान मी कागद बघितले. भावजी गेल्यावर महिन्याभरात गाडी अक्काच्या नावावर करून घेतली होती, ते बरं झालं. मृत खातेदारांच्या वारसांचे हाल काउंटरवर बघितलेले असल्यानं ती एक घाई मी तेव्हाच केली होती. गाडीची नोंदणी सप्टेंबर २०२४ पर्यंत होती. परराज्यात कायमची न्यायची तर तिथल्या परिवहन कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, ते संपायच्या आत घेतलं. विम्याची गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. बहुतेक लोक ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ म्हणून मूव्हर्सवाल्याला टक्केवारीनं पैसे देतात आणि बदल्यात एक रंगीत कागद मिळवतात. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत, ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचीही असेल तर, गाडी रस्त्यानं, रेल्वेनं, देशांतर्गत जलमार्गानं, लिफ्टनं किंवा विमानानं नेली जात असतानाचं नुकसान आधीच समाविष्ट असतं. छापलेलं असतं तिथं, फक्त कोणी वाचत नाही. अडचण अशी, की जुन्या गाडीची पॉलिसी बहुधा तृतीय पक्षाचीच असते. अक्काचीही होती. दोन हजार शंभर जास्त भरून ती बदलून घेतली. किंमत विमा कंपनी आणि आपण मिळून ठरवायची असते, त्या साहेबांनी गाडीचे फोटो बघून “अजून आहे?” असं विचारलं.

नऊ जानेवारीला ट्रेलर आला. भाडं ठरलं तेवीस हजार पाचशे, बिल्टीसकट. स्थानिक माणसानं मालाच्या वर्णनात ‘ओल्ड कार’ आणि किंमत पन्नास हजार लिहिली. कमी लिहिलं की सगळ्यांना सोपं जातं, असं त्याचं म्हणणं. पण नियम असा, की वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते आणि तीसुद्धा आपण लिहून दिलेल्या किमतीच्या वर जात नाही. म्हणजे पन्नास हजार लिहिले, तर गाडीचा चुरा झाला तरी पन्नासच. मी दोन लाख लिहायला लावले. वादावादी झाली, चहा झाला, मग त्यानं लिहिले.

आता खरी परीक्षा. नव्या गाड्यांचे ड्रायव्हर वर्षाकाठी शेकडो मोटारी चढवतात-उतरवतात, पण स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर या अलवरकडच्या पंचविशीतल्या मुलानं जन्मात पाहिला नव्हता. तो बसला, पायाशी चाचपला, मग खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “माताजी, इसका गिअर कहाँ है?” अक्कानं त्याला उतरवलं नाही. उघड्या खिडकीशी उभी राहून तिनं हातानं दाखवलं: आपल्याकडं ओढून वर, म्हणजे पहिला, तिथूनच खाली, म्हणजे दुसरा. त्या आवारात त्यानं तीन चकरा मारल्या, तिसरीला इंजिन बंद पडलं नाही. चढणीची फळी उभी होती आणि फियाटचा सायलेन्सर खाली लोंबता. मेकॅनिकनं दोन जाड फळ्या लावून चढ कमी करून दिला. हुक बंपरला किंवा अॅक्सलला अडकवू नका, चाकांनाच पट्टे बांधा, हे त्याला सांगावं लागलं नाही, नव्या गाड्याही तशाच बांधतात. पण तिला खालच्या मजल्यावरच ठेवा, असं अक्कानं बजावलं. का, तर ती तेल गळते, आणि वाटेत कुठं वर-खाली गाड्या भरल्या तर खालच्यांवर गळेल. स्वतःच्या गाडीची अब्रू दुसऱ्याच्या बॉनेटवर नको, असं तिचं म्हणणं. आत ट्रेलरच्या भिंती इतक्या जवळ, की दार अर्धंही उघडेना. पोरगा खिडकीतून बाहेर आला. पेट्रोल चार लिटर ठेवलं, बॅटरीची वायर सोडवली, आतलं सगळं सामान काढलं. फोटो मी चाळीसेक काढले, किलोमीटरच्या आकड्यासकट.

काढलेल्या सामानात काय होतं? एक छत्री, दोन शबनम पिशव्या, रेडिएटरसाठी पाण्याची बाटली, आणि भावजींचा जुना चष्मा. तो अक्कानं पर्समध्ये टाकला.

आम्ही दोघं टाटानगरहून आझाद हिंद एक्स्प्रेसनं निघालो. रायपूर आलं तेव्हा अक्कानं विचारलं, “ट्रेलर इथूनच जाईल ना?” नागपूरलाही तेच. अकरा दिवसांत त्या मुलाचे चार फोन आले, प्रत्येक वेळी आधी गाडीचं सांगायचा, मग स्वतःचं. देवरीच्या पुढं दोन दिवस ट्रेलरच नादुरुस्त होऊन थांबला होता. ते दोन दिवस अक्का जेवली, पण टीव्ही लावू दिला नाही.

गाडी घरापर्यंत येते, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एवढा ट्रेलर कोथरूडच्या आमच्या गल्लीत कसा यावा? वीस जानेवारीला चाकणजवळच्या एका मोकळ्या आवारात ती उतरली. डाव्या बाजूच्या पुढच्या दिव्याची काच फुटलेली, एका चाकाची टोपी नाही. तिथल्या माणसानं कागद पुढं केला, “सही करा, साहेब.” मी आधी लिहिलं: काच फुटली, टोपी गहाळ. तो म्हणाला, असं लिहिलं तर साहेब रागावतात. मी म्हटलं, रागावू देत. बिनशेऱ्याची सही म्हणजे माल धडधाकट मिळाल्याची कबुली. पुढं दावा लावायचा, तर माल नोंदवल्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते, आणि नोटिशीला आधार हा शेराच. नोटीस मी तयार करून ठेवली होती. अक्कानं ती पाठवू दिली नाही. “काचेचे किती? आणि तुझ्या नोटिशीचा रट्टा शेवटी त्या पोरावरच येईल.” मी बरंच समजावलं. शेवटी बिल्टीवरचा शेरा तेवढा राहिला.

चाकणहून घरी आणायला साडेतीन हजार. हिशेब द्यायचा तर: भाडं २३,५००, विमा २,१००, जमशेदपूरच्या मेकॅनिकचे १,८००, चाकण ते घर ३,५००. एकूण ३०,९००. भंगारवाल्याच्या अठरा हजारांशी याची तुलना मुलानं एकदा केली, मनातल्या मनात. ओठ हलताना दिसले.

यानंतर एक जाणकार घरी आले. त्यांनी सांगितलं, ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करून घ्या. २०२१ साली केंद्राचे नवे नियम आले, त्यांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी अशी नोंदता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार, दहा वर्षं चिंता नाही. विमावाल्यांच्या जुन्या मोटार टॅरिफमध्ये मात्र ‘व्हिंटेज’ म्हणजे १९४० संपण्यापूर्वीची. एकाच्या लेखी आमची फियाट आजी, दुसऱ्याच्या लेखी पोर. तर अक्कानं विचारलं, अशी गाडी कुठं कुठं नेता येते? प्रदर्शनाला, शर्यतीच्या मेळाव्याला, पेट्रोल आणि दुरुस्तीला, असं त्यांनी सांगितलं. “आणि मंडईत?” नाही, रोजच्या वापराला चालत नाही. अक्कानं त्यांना चहा दिला आणि साधी नोंदणी करून घ्यायला सांगितली.

साध्या नोंदणीचीही एक किंमत असतेच. एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली, तर नवा नंबर घ्यावा लागतो. एकसष्ट वर्षं त्या गाडीवर बिहारचा नंबर होता. २००० साली झारखंड झालं, तरी तो तसाच राहिला होता. जूनमध्ये महाराष्ट्राचा कर भरला, तपासणी झाली, एमएचचा नंबर मिळाला. नवी पाटी बसवणारा मुलगा जुनी पाटी डब्यात टाकायला निघाला होता. अक्कानं ती त्याच्या हातून घेतली, पदरानं पुसली, आणि मागच्या सीटखाली, जिथं पूर्वी छत्री असायची, तिथं सरकवून ठेवली. मग चावी घेऊन मला म्हणाली, “चल बस. शेजारी बसून फक्त ‘सावकाश’ म्हणायचं, बाकी काही बोलायचं नाही.”